डाय देण्याआधी

मिरजेला सकाळच्या गाड्यांनी सीटी स्कॅनसाठी जे पेशंट येतात, त्यांत बाहेरगावचेच जास्त. तासगाव, जत, कवठेमहांकाळ, पार अथणीपर्यंतचे. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी इथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून मोठं दुखणं निघालं की मिरज गाठायची ही या भागाची रीतच पडली आहे. मी इथल्या एका स्कॅन सेंटरमध्ये नर्स आहे. शीर धरणं, डाय, म्हणजे स्कॅनमध्ये अवयव आणि गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडतात तो द्रव, जोडणं, आणि तो अंगात शिरताना एकदम ऊब जाणवून माणूस घाबरतो तेव्हा त्याला धीर देणं, हे माझं काम.

मार्च संपत आला होता. तासगावकडच्या एक आजी आल्या होत्या, वय 68. पोटात कळा, वजन उतरलेलं, सोनोग्राफीत स्वादुपिंडापाशी काहीतरी संशयास्पद. डाय देऊन पोटाचा स्कॅन करायचा होता. बरोबरच्या मुलानं फाईल नीट लावून आणली होती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणारा कचरा, 1.1.

"सिस्टर, किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे," तो म्हणाला. रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा होता.

आजींना टेबलावर घेतलं, दंडाला पट्टा बांधला. डाय दाबानं सोडायचा असतो, म्हणून गुलाबी कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची जरा रुंद नळी, लागतो आणि शीर चांगली लागते. आजींची शीर वर येईचना. कोपरात नाही, मनगटावर नाही. म्हातारपणात शिरा रुसतात, ते नवीन नाही. पण बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती. मी तोंड उघडायला सांगितलं. जीभ कोरडी ठाक, मधोमध भेगा.

"आजी, पाणी कधी प्यालात?"

"उपाशी या म्हटलंय न्हवं? काल रातीपासनं थेंब न्हाई घेतला."

"आणि लघवीला?"

"पहाटं गेल्ते थोडी. लई पिवळी."

त्या बेदाणा शेडवर जातात, हे बोलता बोलता कळलं. दिवसभर मांडी घालून बेदाणा निवडायचा, वर पत्र्याचं ऊन. पाणी जवळ असलं तरी सारखं उठायला नको म्हणून बायका पीतच नाहीत. गुडघे धरतात म्हणून गोळी. कसली गोळी विचारलं, तर कनवटीची प्लास्टिकची पुडी सोडली. पट्टीतून कापलेल्या सुट्ट्या गोळ्या. एका तुकड्यावर डायक्लोफिनॅक एवढं वाचता आलं. "दोन घेते, कधी तीन. जेवण जात न्हाई, पण गोळी लागतीच." शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू होतं ते वेगळंच. फाईलमध्ये शुगरची गोळी लिहिलेली होती, गुडघ्याची नव्हती. ती औषधात धरतच नाही कोणी.

मी पट्टा सोडला आणि मॅडमना, आमच्या रेडिओलॉजिस्टना, बोलावलं. त्यांनी जीभ पाहिली, पुडी पाहिली आणि ताजं क्रिएटिनिन करायला सांगितलं. तासाभरात आकडा आला, 2.3.

वयाच्या हिशोबानं 1.1 म्हणजे किडनी पंचावन्न टक्क्यांच्या आसपास काम करते, असं धरतात. 2.3 म्हणजे बाविसावर. मॅडम म्हणाल्या, क्रिएटिनिन चढत असताना या हिशोबावर विसंबायचं नाही, खरी किडनी त्याहून खाली असू शकते. आज डाय नाही.

मुलगा चिडला. गाडी भाड्यानं केलेली, कामाचा खाडा झालेला. शिवाय शेजारच्या कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं, डायनं किडन्या जातात म्हणून. तेव्हा आता डाय नकोच, साधा स्कॅन करून टाका, हा त्याचा हट्ट. मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि समजावलं. साध्या स्कॅनमध्ये स्वादुपिंड आणि त्यातली गाठ सारखीच करडी दिसते, गाठ निसटायची. डाय लागणारच आहे, फक्त किडनी सावरल्यावर. अंग कोरडं पडलं की किडनीला रक्त कमी पोचतं. अशा वेळी रक्त आत नेणारी बारीक नळी रुंद ठेवायला शरीर स्वतःच एक द्रव्य बनवतं, आणि दुखण्याची गोळी नेमकं तेच बनू देत नाही. त्यावर आयोडीनचा डाय गेला की आतल्या शिरा आणखी आवळतात, दाट झालेला डाय नलिकांत रेंगाळतो. आणि हे त्याच दिवशी कळत नाही. क्रिएटिनिन चढतं 24 ते 48 तासांनी, पेशंट घरी गेल्यावर.

आजींना जवळच्याच फिजिशियनकडे दाखल केलं. गुडघ्याची गोळी बंद, मेटफॉर्मिन थांबवलं. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही, पण किडनी मंद असली की ते अंगात साठतं आणि रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. मग सलाईन. कुठलंही महागडं औषध नाही, साधं 0.9 टक्क्यांचं. छातीत पाणी धरत नाही ना, हे ऐकत ऐकत.

पूर्वी डायच्या आधी किडनी वाचावी म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या द्यायची पद्धत होती, सोडाबायकार्बच्या सलाईनचंही फॅड होतं. 2018 साली 'प्रिझर्व्ह' या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. अँजिओग्राफीच्या सुमारे 5,000 जोखमीच्या रुग्णांत यातल्या कशाचाही साध्या सलाईनहून जास्त फायदा दिसला नाही. 2017 च्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तर किडनी मध्यम मंदावलेल्या लोकांना सलाईन न देताही काही बिघडलं नव्हतं. म्हणून डायची सरसकट भीती घालणाऱ्यांचा मला राग येतो. आताचे डाय जुन्यांपेक्षा पुष्कळ सौम्य आहेत. त्याच आठवड्यात हायवेवरच्या अपघातातला एक मुलगा आला, पोटात रक्तस्राव. त्याच्या क्रिएटिनिनसाठी कोणी थांबलं नाही आणि थांबूही नये. जपायचं ते किडनी तिसाच्या खाली गेलेल्यांना, आणि आजींसारखी जिची किडनी नुकतीच दुखावली आहे तिला.

आता आमच्याकडून अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी फोन जातो, तो मीच करते. नुसतं "उपाशी या" म्हटलं की आपल्याकडं ते निर्जळीच समजतात, संकष्टीहून कडक. खरं तर आताच्या डायसाठी उपाशी राहायची गरज उरलेली नाही, हे युरोपच्या रेडिओलॉजी संघटनेनंही सांगितलं आहे. आमचे डॉक्टर पोटाच्या स्कॅनला चार तास जेवण टाळायला सांगतात, पण पाणी प्यायचंच, हे मी दोनदा म्हणते. मग विचारते, गुडघ्याची, कंबरेची, डोक्याची गोळी कुठली घेता? "औषधं कुठली" असं विचारलं की बीपी आणि शुगर एवढंच सांगतात. जुलाब, उलट्या झाल्यात का? कामाला उन्हात असता का? रिपोर्ट कधीचा? जुना असेल आणि शुगर किंवा किडनीचा त्रास असेल, तर ताजा करायला सांगते. फोनवर बऱ्याचदा सून असते, आणि सासूच्या गोळ्या तिलाच नीट माहीत असतात.

आजींचं क्रिएटिनिन आठवड्याच्या आत 1.2 वर उतरलं. तेवढ्यावर एरवी सलाईनची गरज नसते, पण किडनी नुकतीच सावरलेली म्हणून डॉक्टरांनी स्कॅनच्या आधी आणि नंतर ठेवलं, किलोमागे तासाला 1 मिली. आजी 45 किलोच्या, म्हणजे तासाला 45 मिली. डाय लागेल तेवढाच घेतला. या खेपेला कोपरातली शीर पहिल्याच टोचणीत मिळाली. डाय शिरताना त्या "आगं आई, गरम लागतंय," म्हणाल्या, मी हात धरून उभी होते. 48 तासांनी तपासलं, 1.2 च. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झालं, डायक्लोफिनॅक नाही. गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडं होती, काढता येण्याजोगी, आणि मुलानं ऑपरेशन कोल्हापूरला करायचं ठरवलं.