मोती, आजीच्या वेण्या आणि कुजलेला दोरा

मी ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी एका छोट्या रायडिंग स्कूलमध्ये मुलांना शिकवते आणि तबेल्याचं सगळं बघते. दिवाळी झाली की आसपासच्या रायडिंग स्कूलवाल्यांचे छोटे छोटे शो सुरू होतात, कधी पनवेलच्या पुढे कुठल्या फार्मवर, कधी कर्जतकडे, आणि लहान मुलांसाठी त्यात एक क्लास असतोच, बेस्ट टर्न्ड आऊट, म्हणजे पोनी आणि रायडर किती नीटनेटके आलेत ते जज अगदी जवळ येऊन बघतात. पुष्कळ पालकांना वाटतं हे फॅन्सी ड्रेससारखंच, पोनीला नटवायचं, मुलीला कोट घालायचा, झालं. मला मात्र हा क्लास जंपिंगच्या बरोबरीचा वाटतो आणि यंदाच्या शोला जे झालं त्यानंतर तर मी भेटेल त्या पालकाला हे सांगत सुटलेय.

आमचा पोनी मोती, उंचीला १३ हँडचा. एक हँड म्हणजे ४ इंच, आणि १४.२ हँडपर्यंत, म्हणजे साधारण १४८ सेंटीमीटरपर्यंत पोनी धरतात, त्याच्यावर घोडा. मोती सारंगखेड्याच्या यात्रेतून आलेला, शांत, पाठीवरच्या पोराला सांभाळून चालणारा, पण रंगाने पांढरा, आणि पांढरा पोनी शोला न्यायचा म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आदल्या रात्री तो नेमका लिदीत लोळणार आणि सकाळी मागच्या ढोपरावर पिवळाजर्द डाग घेऊन उभा राहणार. आमचे सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे मामा, पूर्वी कळव्याला वरातीची घोडी सांभाळायचे. ते आमच्याकडे आले तेव्हा पहिल्या शोला त्यांनी कलगी आणि गोंडे काढून ठेवले होते, मी म्हटलं मामा इथे यातलं काही चालत नाही, तर क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हणजे वरातीपेक्षा अवघड. तिथे झूल टाकली की खालचा घोडा कुणाला दिसत नाही, इथे सगळं उघडं." इतक्या वर्षांत मला हे कुणी याहून चांगलं समजावलेलं नाही.

मामांचा खरारा बघण्यासारखा असतो. रबरी खरारा गोल गोल फिरवून आधी सुटलेले केस आणि आतली धूळ वर आणायची, मग कडक ब्रशने झटकायची, मग मऊ ब्रश केसांच्या दिशेने, अंगाचा भार देऊन, आणि हे रोज, शो असो नसो. शॅम्पूने चमक येत नाही, उलट अंगावरचं नैसर्गिक तेल धुतलं जातं आणि केस निस्तेज दिसतात, म्हणून अंघोळ शोच्या एक दोन दिवस आधीच उरकायची आणि पुढे सगळं ब्रशवर. शेपटीला शेवटच्या बादलीत निळीचे अगदी दोन थेंब, जास्त पडले तर शेपूट जांभळट दिसते. आणि शेपटीत वरून खाली कंगवा घालायचा नाही म्हणजे नाही, बोटांनी खालून सोडवत वर जायचं, कारण तुटलेला केस परत तेवढा लांब व्हायला वर्षं जातात.

आता रायडर. सहावीतली पोरगी, बारकीशी, केस कंबरेपर्यंत आणि दाट. केसांचा अंबाडा डोक्यावर घालून वर हेल्मेट चढवलं की हेल्मेट उचललं जातं, बसतच नाही, आणि न बसलेलं हेल्मेट पडल्यावर उपयोगाचं नाही. म्हणून वेणी खाली मानेपाशी, गुंडाळून जाळीत, आणि हेल्मेटचं माप त्याच केसरचनेवर आधी बघून ठेवायचं. जॅकेट आम्ही जांभळी नाक्याजवळच्या एका टेलरकडून शिवून घेतलं, तयार जॅकेट महाग पडतं आणि मुलं काय वर्षभरात वाढतात. ते काका लग्नाचे सूट शिवणारे, माप घ्यायला तिला सरळ उभं केलं, मी म्हटलं काका तिला स्टुलावर पाय फाकवून बसवा, हात पुढे लगाम धरल्यासारखे करू दे आणि मग घ्या, नाहीतर बाह्या कोपरापर्यंत चढतात आणि पुढून बटणं ताणतात. मागे कट दिला, म्हणजे बसल्यावर जॅकेट खोगिराच्या दोन्ही बाजूंनी नीट पडतं. त्यांना इतकी मजा वाटली की शिवणीत दोन इंच कापड जास्तीचं आतच ठेवून दिलं, पुढच्या वर्षासाठी. खाली क्रीम रंगाची जॉडपर्स, म्हणजे रायडिंगची घट्ट पँट, आणि घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट, टाच असलेले आणि तळ गुळगुळीत. स्पोर्ट्स शूजना मी सरळ नाही म्हणते, टाच नसली की पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो आणि पडलेलं मूल तिथेच लटकतं.

खोगीर मात्र तिच्या पप्पांनी स्वतः आणलं होतं. ऑनलाइन, सेकंड हँड, आणि दिसायला अप्रतिम, गडद तपकिरी, आरशासारखं चकचकीत. शनिवारी संध्याकाळी ते मोठ्या हौसेने गाडीतून काढून ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तर साफ करायची पण गरज नाही." पण आमच्याकडे नियम आहे, शोच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक मुलाने आपलं सामान स्वतः साफ करायचं, सईसने नाही, पालकांनी नाही. आणि साफ करायचं म्हणजे वरून फडकं मारायचं नाही, प्रत्येक बकल सोडायचं, प्रत्येक पट्टा वेगळा करायचा, ओल्या स्पंजने मळ काढायचा, मग सॅडल सोप, फेस कमीत कमी, मग सुकू द्यायचं. रिकिबीच्या लोखंडाला ब्रासो चालतं, पण लगामाच्या लोखंडी बिटचा जो भाग तोंडात जातो त्याला फक्त पाणी. ठाण्याच्या पावसात चामडं म्हणजे बुरशीचं माहेरघर, जून ते सप्टेंबर रोज पुसलं तरी कुठेतरी पांढरं धरतंच.

पोरगी पायरीवर बसून रिकिबीचा पट्टा पुसत होती आणि मी बाजूला लगामाचं बघत होते. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "मॅम, इथला दोरा हिरवा झालाय." बकलजवळची शिलाई, जिथे पट्टा दुमडून शिवलेला असतो, पट्टा घट्ट बसलेला असताना ती जागा दिसतच नाही, ती सोडल्यावरच दिसते. मी दोन्ही हातांनी धरून ओढलं आणि टाके पटापट सुटत गेले. मग खोगिराची बाजूची झडप वर केली, तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, ज्या पट्ट्यांना अडकवतात ते वाकवून बघितले, तर पहिल्याच पट्ट्याच्या मुळाशी तीच गत, आणि दुसरा वाकवल्यावर आडव्या भेगा. वरून कुणीतरी भरपूर तेल चोळून चकाकी आणली होती, आत दोरा कुजलेला.

पप्पा आधी मानेनातच. "उद्याचा दिवस चालवून घ्या ना मॅडम, नुसतं वॉक आणि ट्रॉट तर आहे." त्यांची चूक नाही, बाहेरून बघणाऱ्याला ट्रॉट म्हणजे दुडूदुडू वाटतं. पण ट्रॉटला मूल रिकिबीवर भार देऊन उठतं बसतं, दर पावलाला, आणि एक रिकीब तुटली की ते त्याच बाजूला जातं. तंग सुटला तर खोगीरच फिरतं पोटाखाली, आणि मोती कितीही शांत असला तरी पोटाखाली लटकणारं खोगीर कुठल्याही पोनीला पिसाळवतं. मी त्यांना ते टाके हातात दिले आणि म्हटलं, ओढून बघा. त्यांनी ओढलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

स्कूलचं जुनं खोगीर होतं, काळपट पडलेलं, झडपेवर ओरखडे, पण त्याची सगळी शिलाई पावसाळा संपल्यावर आम्ही मोचीकडून मेणाच्या दोऱ्याने परत करून घेतलेली. पोरीचे डोळे भरले होते, नवीन खोगिराची स्वप्नं रंगवली होती तिने. तरी उठली, जुनं खोगीर मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून सगळं परत सुरू केलं, रात्री उशिरापर्यंत, मामा समोर कंदील घेऊन बसल्यासारखे मोबाईलचा टॉर्च धरून.

पहाटे तिच्या आजी आल्या. मी फोनवर सहज म्हटलं होतं की मोतीच्या आयाळीच्या वेण्या घालायच्यात आणि हात कमी पडतायत, तर आजी अंगावर शाल घेऊन हजर, "वेणीच ना, तीन पेडांची? नातीची रोज घालते." आयाळ उजवीकडे पाडलेली, मुद्दाम दोन दिवस न धुतलेली, कारण ताजी धुतलेली आयाळ बोटांतून निसटते. मी सारख्या अंतराचे भाग पाडून दिले, पाण्याने ओले केले, आणि आजींनी मुळापासून घट्ट आवळत वेण्या घातल्या, टोकाला पांढरा जाड दोरा, मग वेणी वर दुमडून गुंडाळायची आणि सुईने टाका घालून छोटा गोल अंबाडा करायचा. हे काम आम्ही थानात, म्हणजे पोनीच्या बांधायच्या जागी, करतच नाही, बाहेर कोब्यावर करतो, आणि सुया मोजून घेतो मोजून ठेवतो, गवतात सुई पडली तर ती पोनीच्या पायात नाहीतर पोटात. आजी स्टुलावर उभ्या, मोती मान खाली घालून अर्धवट झोपेत, आणि मधेच आजी त्याला म्हणतात, "हलू नको रे बाळा, भांग वाकडा होईल." मी इतक्यांना वेण्या शिकवल्यात, पहिल्याच खेपेला इतक्या सारख्या कुणाच्या आलेल्या मी पाहिल्या नाहीत.

अंधारातच निघालो, माजिवडा, कळवा, मग ठाणे बेलापूर रोडने खाली पनवेल, रविवारी त्या वेळी रस्ता मोकळा असतो. शेपटीला पट्टी बांधलेली, उतरल्यावर लगेच काढली, ती जास्त वेळ घट्ट राहिली तर रक्तप्रवाह अडतो. खुरांना तेल सगळ्यात शेवटी, रिंगणाच्या तोंडाशी, नाहीतर सगळी वाळू त्यालाच चिकटते.

जज एक निवृत्त लष्करी अधिकारी होते, फार कमी बोलणारे. नाकपट्टीखाली दोन बोटं घालून बघितली, मोतीचा पाय उचलून नाल बघितली, मग खोगिराची झडप वर केली आणि पट्टा वाकवला. पोरीला विचारलं, हे कुणी साफ केलं. ती म्हणाली, "मी. पण हे माझं नाहीये, माझ्या खोगिराचा दोरा कुजला होता म्हणून स्कूलचं घेतलं." कुठला दोरा, असं विचारल्यावर खाली उतरली आणि बकलपाशी, पट्ट्याच्या मुळाशी, अगदी बोट ठेवून दाखवलं. जजसाहेबांनी मागे वळून सगळ्या मुलांना उतरायला सांगितलं. प्रत्येकाने आपली रिकीब आणि तंग तिने दाखवलं तसं वाकवून बघा, म्हणाले. रिंगणाबाहेर पालकांमध्ये कुजबुज. आणि दुसऱ्या एका स्कूलच्या मुलाच्या रिकिबीच्या पट्ट्याचे टाके हाताने ओढल्यावर निम्मे सुटले. त्याला पुढे जंपिंग करायचं होतं त्याच दिवशी. त्याच्या सरांनी येऊन शांतपणे पट्टे बदलले. तिचे पप्पा माझ्या शेजारी उभे होते, रेलिंग घट्ट धरून.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला आला तो मुलगा आणि त्याचा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा पोनी, खरोखर सरस होते, अंगावर चमक अशी की मामांनी स्वतः जाऊन त्यांच्या सईसला विचारलं चंदीत, म्हणजे खुराकात, काय देता. आमची कानाजवळची एक वेणी गाडीत सैल झाली होती आणि जजने ती बरोब्बर पाहिली.

पुढच्या आठवड्यात पप्पा ते चकचकीत खोगीर घेऊन माझ्याबरोबर मोचीकडे आले. तंगाचे पट्टे नवे घातले, रिकिबीचे पट्टे टाकून दिले, बाकी सगळी शिलाई उसवून परत केली, आणि परत आल्यावर पोरीने प्रत्येक टाका ओढून बघितला मगच ते मोतीवर चढलं. पुढच्या शोला आजी शेपटीची पण वेणी घालणार म्हणाल्यात. त्यासाठी शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंचे केस लांब लागतात, म्हणून मामांना सांगून ठेवलंय, तोपर्यंत तिथे कात्री लावायची नाही.