अकागेराचे सिंह आणलेले आहेत, हो

सुट्टीत चंद्रपूरला आले की हा प्रश्न ठरलेला असतो. मी मोबाइलवर आफ्रिकेतल्या रवांडा देशातल्या अकागेरा राष्ट्रीय उद्यानाचे फोटो दाखवत असते, सिंहीण, मग जिराफ, मग गेंडा, आणि कोणीतरी मध्येच थांबवतं: "पण हे सगळे बाहेरून आणून सोडलेत ना? वर कुंपणही आहे म्हणे. मग ते मोठं प्राणीसंग्रहालयच झालं की!" गेल्या दिवाळीत हे माझ्या मावसभावाने विचारलं. तो ताडोब्यात जिप्सी चालवतो. जंगल त्याला माझ्याहून जास्त कळतं, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटलं नाही. तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल, म्हणून नीट सांगते.

अकागेरा रवांडाच्या पूर्व टोकाला, टांझानियाच्या सीमेला लागून आहे. राजधानी किगालीहून गाडीने अडीच-तीन तास. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही किगालीत राहतो, आणि चार वर्षांत मी तिथे अकरा वेळा जाऊन आले. पश्चिमेला टेकड्या, मधोमध बाभळींचं आणि उंच गवताचं रान, पूर्वेला एकाला एक लागून तळी आणि पॅपायरसची दलदल.

तर हो, सिंह आणलेले आहेत. 2015 च्या जूनअखेरीस दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह आले, पाच माद्या आणि दोन नर. भूल देऊन, पिंजऱ्यात घालून, ट्रकने आणि विमानाने. पंधरा दिवस आवारात ठेवून मग त्यांना मोकळं सोडलं. 2017 मध्ये आणखी दोन नर आणले, कारण एकाच घरातल्या सिंहांची आपापसातच वीण झाली तर वंश दुबळा होतो. काळे गेंडेही 2017 मध्ये आले, अठरा. यातलं काही लपवायचं कारणच नाही. पण "आणले" या शब्दाशी आपण थांबतो, आणि आणावे का लागले हे विचारायचं राहून जातं.

बेल्जियन राजवटीत 1934 साली हे उद्यान झालं तेव्हा ते अडीच हजार चौरस किलोमीटरचं होतं. सिंह शेकड्यांनी होते. 1970 च्या दशकात काळे गेंडे पन्नासहून जास्त होते. रानकुत्र्यांसाठी तर ते इतकं नावाजलेलं होतं की लोक त्याला रानकुत्र्यांचं उद्यानच म्हणत. मग 1994 चा वंशसंहार आला. शंभर दिवसांत आठ लाखांहून जास्त माणसं मारली गेली. ती कत्तल थांबल्यावर, 1959 पासूनच्या हिंसाचारामुळे परागंदा झालेली कुटुंबं युगांडातून, टांझानियातून आपली गुरं घेऊन परत आली. कित्येकांची तर दुसरी पिढी परक्या देशात वाढलेली. त्यांना राहायला जागा हवी होती, गुरांना चारा-पाणी हवं होतं, आणि अकागेराच्या माळावर दोन्ही होतं. 1997 मध्ये सरकारने नकाशाच नव्याने आखला. उद्यानाचा निम्म्याहून जास्त भाग लोकांना दिला, आणि उरलं साधारण अकराशे चौरस किलोमीटर.

या निर्णयाला नावं ठेवणारे पर्यावरणप्रेमी मला भेटले आहेत. मला ते जमत नाही. ज्या देशात रस्त्याकडेला प्रेतं होती, त्या देशाने आधी माणसांना जमीन दिली, यात मला चूक दिसत नाही.

उरलेल्या रानातही गुरं शिरतच होती. सिंह गाय मारायचा, आणि गुराखी त्या मेलेल्या गाईत विष भरून ठेवायचे. सिंह उरलेलं खायला परत येतो हे प्रत्येक गुराख्याला ठाऊक असतं. 2000 च्या पुढेमागे सिंह संपले. काळा गेंडा शेवटचा दिसल्याची नोंद 2007 ची आहे.

आमची नेहमीची गाईड उद्यानालगतच्या गावातली आहे. गावातल्या मुलामुलींना शिकवून तयार केलेल्या गाईडांपैकी ती एक. तिचे वडील युगांडातून चाळीस गाई घेऊन आले तेव्हा ती पाच वर्षांची होती. एकदा मुटुंबाच्या टेकडीवर चहा घेत बसलो असताना ती म्हणाली, "आमच्या चार गाई सिंहाने नेल्या. रात्री ते ओरडायचे तेव्हा आई आम्हाला मधे घेऊन झोपायची." मी विचारायच्या आतच तिने पुढे सांगितलं, "वडिलांनी विष घातलं होतं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही."

2010 मध्ये रवांडाचं विकास मंडळ आणि आफ्रिकन पार्क्स ही संस्था यांनी मिळून उद्यानाचा कारभार हाती घेतला. सिंह आले त्यानंतर पाच वर्षांनी. मधला काळ कशात गेला, तर तारेचे फासे वेचण्यात, रक्षक तयार करण्यात, आणि त्या कुंपणात.

कुंपण उद्यानाच्या पश्चिम हद्दीवर आहे, जिकडे शेती आणि गावं आहेत. 120 किलोमीटर, सौर विजेवर चालणारं, 2013 मध्ये पुरं झालेलं. पूर्वेला तळी आणि दलदल हीच हद्द. मी एकदा मुद्दाम कुंपणाच्या कडेने चालले. एका अंगाला घेवड्याचे वेल काठ्यांवर चढवलेले, पलीकडे केळी, आणि दुसऱ्या अंगाला दोनशे पावलांवर झेब्रे चरताहेत. कुंपणाची राखण करणारा गावचाच माणूस खालच्या तारेला टेकलेलं गवत विळ्याने कापत होता. ओलं गवत तारेला लागलं की वीज जमिनीत उतरते आणि कुंपण लुळं पडतं, म्हणून रोज चालायचं आणि रोज कापायचं. शांत उभं राहिलं की तारेची टक, टक ऐकू येते. धक्का थांबून थांबून येतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही.

ती टक टक ऐकताना मला आमच्याकडची शेतं आठवत होती. रानडुकरांपासून पीक वाचवायला तारेत थेट वीज सोडतात. त्या तारेला चिकटून वाघ मेल्याची, आणि शेतावर गेलेला माणूसही मेल्याची बातमी चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणाला नवी नाही. बाबा वनखात्यात वनपाल होते. अशा एका तारेशी पडलेली वाघीण त्यांनी पाहिली होती, आणि त्या रात्री ते जेवले नव्हते. म्हणून "कुंपण आहे म्हणजे खोटं जंगल" हे ऐकलं की मी वाद घालते. ते कुंपण दोघांसाठी आहे. गाय वाचते, म्हणून विष घालावं लागत नाही, म्हणून सिंह वाचतो.

कुंपणाने सगळं भागत नाही, हेही सांगायला हवं. रवांडात उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला वाटा आसपासच्या गावांना जातो, 2005 पासून पाच टक्के आणि 2017 पासून दहा. त्यातून शाळेच्या खोल्या, दवाखाने, पाण्याची कामं होतात. जनावराने पीक किंवा गुरं नेली तर भरपाईचा वेगळा निधी आहे. तरी ज्याची गाय जाते त्याला कागद भरून पैसे हातात येईपर्यंत धीर धरावाच लागतो. ते तिथेही तसंच आहे.

आता प्राणीसंग्रहालयाचं. 2019 च्या जूनमध्ये युरोपातल्या प्राणीसंग्रहालयांत जन्मलेले पाच काळे गेंडे अकागेरात आणले गेले. चेक प्रजासत्ताक, इंग्लंड आणि डेन्मार्क इथून, सहा हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून. आधी लहान आवारात, मग मोठ्या, मग खुल्या रानात, असं हळूहळू. त्यांना त्सेत्से या चावऱ्या, रोग पसरवणाऱ्या माशीची सवय करावी लागली, काय खायचं ते शिकावं लागलं. अकागेरा हेही प्राणीसंग्रहालयच असतं, तर प्राणीसंग्रहालयातले गेंडे इतक्या लांबून तिथे कोणी आणले असते का?

त्सेत्से माशी म्हटलं की हात आपोआप मानेकडे जातो. अकागेरात जागोजागी झाडांमध्ये निळ्या-काळ्या कापडाचे तुकडे टांगलेले असतात, औषध लावलेले. या माशीला तोच रंग ओढतो, म्हणून पहिल्या खेपेला मी गडद निळा सदरा घालून गेले तेव्हा गाईडने गाडीत बसायच्या आधी मला बदलून यायला लावला. सुई टोचावी तशी चावते, कापडातूनसुद्धा.

आणि जो म्हणतो की आणलेली जनावरं पाळीव होतात, त्याला एकच गोष्ट सांगते. 2017 मध्ये गेंडे आले तेव्हा रक्षकांना त्यांचा माग काढायला शिकवण्यासाठी एक जाणकार संशोधक तिथे आले होते. आयुष्य गेंड्यांमागे चालण्यात गेलेला माणूस. गेंडे येऊन महिना-सव्वा महिनाच झाला असेल, आणि माग काढत असताना एका गेंड्याच्या हल्ल्यात ते गेले. ते नसताना त्यांचं काम तिथले रक्षक रोज करताहेत, पायी, गवतात.

एका बाबतीत मात्र माझं मन पूर्ण तयार होत नाही. 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फिंडा अभयारण्यातून तीस पांढरे गेंडे बोइंग 747 मधून आणले, आणि 2025 मध्ये आणखी सत्तर. काळा गेंडा इथलाच, तो परत आला. पांढरा गेंडा रवांडाचा कधीच नव्हता. दक्षिण आफ्रिकेत शिकारी त्याला शिंगासाठी मारताहेत, म्हणून तो वेगवेगळ्या सुरक्षित ठिकाणी असावा, हे कारण मला पटतं. पण याला परत आणणं म्हणता येत नाही, हा आसरा आहे, आणि तसंच म्हणावं.

खरं सांगायचं तर अकागेरातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट सिंहांची नाही, हत्तींची आहे. आज तिथे शंभराहून जास्त हत्ती आहेत, आणि प्रवाशांना वाटतं की हे तरी मूळचे. 1975 मध्ये बुगेसेरा भागातली जमीन शेतीला द्यायची ठरली. तिथल्या हत्तींचं काय करायचं? मोठे हत्ती हलवायची सोय तेव्हा नव्हती. मोठ्यांना गोळ्या घातल्या, आणि सव्वीस पिल्लं उचलून अकागेरात आणून सोडली. आजचे हत्ती त्या सव्वीस अनाथांचे वंशज. त्यातलाच मुटवारे नावाचा नर पुढे इहेमा तळ्याच्या काठी गाड्यांना धडका देण्याबद्दल ओळखला जायचा, 2018 मध्ये वारला. लोक त्याला खोडकर म्हणत. मला त्याच्या डोळ्यांसमोर काय घडलं असेल, तेच आठवत राहतं. ज्या कळपाला रस्ता दाखवायला एकही म्हातारी हत्तीण नव्हती, त्याने पाणी कुठे आणि दलदल कुठे हे आपलं आपण शोधलं.

मावसभावाला मी हेच म्हटलं. ताडोब्यात तू पाहुण्यांना जामणीच्या आणि नवेगावच्या कुरणात वाघ दाखवतोस. तिथे गावं होती. माणसं उठली, शेतांचं कुरण झालं, चितळ आले, मागोमाग वाघ आला. 2023 मध्ये आपल्याच ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नेऊन नागझिऱ्यात सोडल्या, आणि मध्य प्रदेशात पन्नाचे वाघ संपले तेव्हा 2009 पासून बाहेरून आणूनच तिथे पुन्हा उभे केले. पन्नात आज दिसणाऱ्या वाघाला तू खोटा म्हणशील का? तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिथली एक सिंहीण दाखव पुन्हा."

तो फोटो उत्तरेकडच्या किलालाच्या माळावरचा आहे. पहाटे सहा वाजता गवतावर इतकं दव होतं की गाडीची चाकं धुतल्यासारखी झाली होती. सिंहीण वारुळाला टेकून पडलेली. तिच्या गळ्यात माग काढायचा जाड पट्टा, आणि पट्ट्याखालचे केस घासून गेलेले. तीन पिल्लं होती. दोन तिच्या पोटाशी. तिसरं मागून येऊन पट्ट्याला लोंबकळत होतं, दातात धरून ओढत होतं, आणि ती मान खाली करून त्याला ओढू देत होती. पिल्लांच्या गळ्यात काही नव्हतं. गाईडने दुर्बीण खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "इंतारे." त्यांच्या भाषेत सिंह. मग वहीत तारीख आणि वेळ लिहिली.

परतताना तिने सांगितलं, अकागेरात येणाऱ्यांपैकी रवांडाचे लोकही पुष्कळ असतात, आणि मागच्या वर्षी गावातून आलेल्या एका बसमध्ये तिचे वडील होते. आता सत्तरीचे आहेत. चार गाई उरल्यात, गोठ्यात बांधून असतात. झाडाखाली दोन नर पहुडले होते. बसमधली सगळी माणसं खिडकीशी गेली, वडील जागेवरच बसून तिथूनच बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी तिला एवढंच विचारलं, "आता हे काय खातात?"

"झेब्रे. रानम्हशी."

"पोटभर मिळतं?"

"मिळतं," ती म्हणाली. ते मान हलवून पुन्हा बाहेर बघायला लागले.