भरतीच्या वेळी येणारा भोवत्या

हिवाळ्यात नेरूळच्या खाडीकडे लोक येतात ते बहुतेक रोहित पक्षी बघायला. मी गेलो होतो भोवत्या या शिकारी पक्ष्यासाठी.

ठाण्याहून पनवेल लोकल, सीवूड्सला उतरून रिक्षा, आणि मग टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूची पाणथळ जागा. डिसेंबरची सकाळ. भरती चढत होती. बांधावर बसलेल्या एका आगरी काकांना विचारलं, तर म्हणाले, "थांबा जरा. भरती भरली का पाखरं आत सरकतात, मग येतो तो."

आलाच. आधी शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्यांचा थवा एकाएकी उठला, आणि पाणकणसांच्या उंच गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत दलदली भोवत्या आला. अंग गडद तपकिरी, डोकं साईच्या रंगाचं. मादी असेल किंवा यंदाचं पिल्लू, दुरून सांगता येत नाही. नर वेगळा दिसतो, पंखांत आणि शेपटीत राखाडी, पंखांची टोकं काळी. (पश्चिम फ्रान्समध्ये कित्येक नर आयुष्यभर मादीसारख्याच रंगात राहतात, हे वाचल्यापासून तपकिरी भोवत्या दिसला की मी दोनदा बघतो.)

घार उंच गिरक्या घेते. हा खालूनच फिरतो. चार-पाच वेळा पंख मारायचे, मग ते वर उचलून तरंगायचं, पुन्हा तेच, तीच पट्टी परत परत विंचरायची. चेहऱ्याभोवती पिसांची चकती असते, घुबडाला असते तशी, त्यामुळे गवतातली बारीक हालचालही कानावर पडते. बेडूक, उंदीर, छोटे पक्षी, आजारी बदक, काहीही चालतं. त्या सकाळी तो बऱ्याचदा खाली झेपावला आणि तितक्याच वेळा रिकाम्या पायांनी वर आला.

आपल्याकडे तो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. घरटं मात्र युरोपात, मध्य आशियात, आणि तेही झाडावर नाही, बोरूच्या दाट बेटात जमिनीलगत. साधारण चार-पाच अंडी. मादी महिनाभराहून जास्त उबवते, आणि तिला खाऊ घालणं नराचं काम. तो भक्ष्य घेऊन येतो, ती घरट्यावरून उठते, तो वरून सोडतो आणि ती हवेत उलटी होऊन ते झेलते. हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. इथे, खाडीवर, ते दिसणार नाही.

इथेही तो रात्री जमिनीवरच झोपतो, उंच गवतात, बरेचदा इतर भोवत्यांसोबत. म्हणून ज्या गवताळ, दलदली तुकड्याला आपण 'पडीक' म्हणून भराव टाकतो, तीच त्याची शिकारीची जागा आणि तोच त्याचा बिछाना. ठाणे खाडीच्या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्या रेषेबाहेरच्या या तळ्यांवाचून भरतीच्या वेळी पक्ष्यांनी जायचं कुठे?

मार्चअखेरपर्यंत भोवत्या इथे दिसतो. जाणार असाल तर आदल्या दिवशी भरतीची वेळ बघून ठेवा, ती पूर्ण चढायच्या तासभर आधी पोचा आणि बांधावरच थांबा. गवतात उतरू नका.