प्रकाशाच्या वेगाने गेलं तर आयुष्य वाढतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास केला, तर माणूस जास्त जगेल का?

परत आल्यावर तो घरच्यांपेक्षा तरुण असेल, एवढं खरं. पण त्याच्या पदरात एक दिवसही जास्तीचा पडत नाही.

समजा, एक तारा 8 प्रकाशवर्षं दूर आहे (म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला 8 वर्षं लागतात) आणि यान प्रकाशाच्या 80 टक्के वेगाने जातंय. जायला 10 वर्षं, यायला 10. पृथ्वीवर राहिलेली बहीण 20 वर्षांनी मोठी होईल, यानातला भाऊ 12 वर्षांनी. त्या 12 वर्षांत त्याला काहीच संथ वाटणार नाही. नाडी रोजच्यासारखी चालेल, झोप रोजच्याइतकी लागेल, 12 वर्षांत जेवढी पुस्तकं वाचून होतात तेवढीच होतील. मग 8 प्रकाशवर्षांचं अंतर 6 वर्षांत कसं कापलं? त्याच्या मोजमापाने ते 4.8 प्रकाशवर्षंच भरतं! बहीण म्हणते, भावाचं घड्याळ संथ चाललं; भाऊ म्हणतो, अंतरच आखडलं; आणि दोघांचं उत्तर जुळतं. इतकी वर्षं हे शिकवतेय, तरी या जागी आले की मला अजून भरून येतं.

‘त्याच्या दृष्टीने पृथ्वीच लांब पळतेय ना, मग बहीण तरुण का नाही?’ ही शंका रास्त आहे. फरक पडतो तो परत फिरण्याने. भाऊ वळला, बहीण वळली नाही. दोघांच्या वाटा सारख्या राहिल्याच नाहीत.

हे सगळं कागदावरचं, असं कुणी म्हणालं की मी तळहात आडवा धरायला सांगते. साधारण दर सेकंदाला एक म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण त्याहून जड असा सूक्ष्म कण, त्यातून आरपार जातो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की सुमारे 15 किलोमीटर उंचीवर हे कण जन्मतात. सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे जेमतेम 2.2 दशलक्षांश. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जातो. म्हणजे बहुतेक म्युऑन वाटेतच संपायला हवेत.

डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी म्युऑनांची शिरगणतीच केली. तो प्रयोग 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर, सुमारे 1,910 मीटर उंचीवर, त्यांना तासाला सरासरी 563 म्युऑन मिळाले. तेवढं अंतर उतरून येताना, काळ सगळ्यांना सारखाच असता तर, समुद्रसपाटीला जेमतेम 27 उरले असते. मोजले तेव्हा भरले 412. आमच्या घड्याळाने पाहिलं तर ते जवळपास नऊपट टिकले होते.

आणि त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने? त्या 412 मधल्या एकाचंही आयुष्य वाढलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो डोंगरच सव्वादोनशे मीटरांचा होता.