आमची वाटचाल : ज्याचं त्याला सांगायला शिकलेलं मशीन शॉप

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून, म्हणजे ओतशाळेतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग करून ती पंप, गिअरबॉक्स आणि ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना द्यायची, हा आमचा धंदा. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), तीन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ), एक जुनं रेडियल ड्रिल आणि सोळा-सतरा माणसं. कोल्हापुरात अशी शॉप गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे कोणतं मशीन कधी आलं आणि कोणती पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक कंपनी, कधी जोडली याची यादी इथे देत नाही. आमच्याकडे खरा बदल झाला तो माणसांच्या एकमेकांशी बोलण्यात. त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण हाच गुंता मला आजूबाजूच्या कितीतरी शॉपमध्ये दिसतो.

धंदा उभा केला माझ्या सासऱ्यांनी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा, त्यात एक जुनं लेथ मशीन, आणि काम म्हणजे ऑइल इंजिनचे आणि उसाच्या चरकाचे सुटे भाग. हाताखाली दोन पोरं. मायक्रोमीटर, बोअर गेज (बोअर म्हणजे आतलं भोक, त्याचं माप घ्यायचं साधन), ड्रॉइंग सगळं एका लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली अण्णांच्या खिशात. पार्टीशी बोलणार अण्णा, दर ठरवणार अण्णा, पहिला पीस तपासणार अण्णा आणि शेवटचाही तेच. त्या काळात ते बरोबर होतं असं मी आजही म्हणते. मायक्रोमीटर पडून बिघडला तर नवा घ्यायची ऐपत नव्हती. ड्रॉइंग बाहेर गेलं तर शेजारच्या गाळ्यात तेच काम दोन रुपये कमी दराने सुरू व्हायचं. माणसं तीन होती आणि तिन्ही एका नजरेच्या टप्प्यात होती.

शॉप शिरोलीत आलं, सीएनसी आल्या, रात्रपाळी सुरू झाली, पण किल्ली खिशातच राहिली. अण्णांनी हळूहळू कारभार माझ्या यजमानांकडे दिला, हिशेब आणि डिस्पॅच माझ्याकडे आलं, तशी पद्धतही आमच्याकडे आली. ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो मशीनमधला आकडा) बदलायचा तर फोन. नवीन इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) काढायचा तर फोन. पीस बाजूला काढायचा तरी फोन. मालक बँकेत असले की मशीन उभं आणि ऑपरेटर मशीनसमोर हात बांधून उभा.

आणि दुसरीकडे अखंड कुरकुर. चहाच्या टपरीवर, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या घरी रात्रीच्या ताटावरसुद्धा. फाउंड्री माल भुसभुशीत देते. पार्टी पैसे अडवते. पोरं टिकत नाहीत. रात्री लाईट जाते. गंमतीने कुणी बोलत नव्हतं, यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. पण फाउंड्रीबद्दलची तक्रार फाउंड्रीवाल्याला सोडून सगळ्यांना माहीत होती. पार्टीबद्दलची तक्रार मी सीएना सांगायचे, बहिणीला सांगायचे, पार्टीच्या अकाउंट्स विभागात मात्र फोन करून "बघा ना जरा, जमलं तर" एवढंच म्हणायचे. ऑपरेटरची तक्रार दुसऱ्या ऑपरेटरकडे. हे जे दोन रोग वेगळे वाटतात, मालकाची सगळ्यावरची पकड आणि सगळ्यांची कुरकुर, त्यांचं मूळ एकच आहे असं माझं मत बनलं. ज्याला कशालाच हात लावायची मुभा नाही, त्याच्याकडे कुरकुरण्याशिवाय करण्यासारखं काय उरतं? आणि सगळे नुसते कुरकुरतात हे दिसलं की मालक मूठ आणखी घट्ट करतो.

हे मत बसल्या बसल्या तयार झालं नाही. त्याला एक लॉट कारण झाला.

बेअरिंग हाउसिंगचं काम होतं. त्यात 6206 नंबरचं बेअरिंग बसतं, म्हणजे बोअर 62 मिलिमीटर. ड्रॉइंगवर एच7 ही मापातली सूट, म्हणजे 62.000 ते 62.030 चालतं. बेअरिंग आपल्या हातात बदलता येत नाही, म्हणून बोअर मापापेक्षा लहान झाला की खेळ संपला. पार्टीच्या असेंब्लीतून निरोप आला की बेअरिंग जात नाही, ठोकावं लागतंय, लॉट परत घेऊन जा. आमच्या तपासणी कागदावर तर प्रत्येक पीस पास होता. कास्टिंग परत आली, आम्ही सकाळी ती मोजली आणि बऱ्याच पीसमध्ये बोअर 61.995 च्या आसपास निघाला.

शॉपमध्ये सगळ्यात जुने टर्नर आहेत, त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते बोअर गेज हातात घेऊन माझ्याजवळ आले.

"वहिनी, हे गरम असताना मोजलंय. गरम असताना बसतंय, गार झालं की बोअर आत येतंय. पोरांना म्हाईत हाय."

"मामा, मग कुणी बोललं का नाही?"

"कुणाला बोलायचं? ऑफसेटला हात लावायचा नाही असं सांगितलंय. मशीन थांबवलं तर का थांबवलं म्हणून विचारणार. रात्री दोन वाजता मालकांना कोण उठवतंय?"

मामांचं गणित अचूक होतं. बिडाचं कास्टिंग दर अंशाला मीटरमागे साधारण 11 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. 62 मिलिमीटरच्या बोअरचा पीस गेजच्या मास्टर रिंगपेक्षा (गेज जुळवायच्या नेमक्या मापाच्या कडीपेक्षा) 10 अंशांनी जास्त गरम असेल, तर बोअर जवळपास 7 मायक्रॉन मोठा दिसतो. त्यात इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो. ऑपरेटरला दोन्ही दिसत होतं. त्याने ऑफसेट 10 मायक्रॉनने वाढवला असता तर लॉट सरळ पास झाला असता. ज्या माणसाला उपाय माहीत होता, त्याच्याच हाताला बंदी होती.

माझं माहेर इचलकरंजीचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि त्या खडखडाटात आमच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, हे तिथलं लहान मूलही जाणतं. पुढे शॉपमध्ये कामाच्या पद्धतींचं वाचन करताना कळलं की टोयोटा घराण्याची सुरुवातही मागापासूनच आहे. साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच थांबणारे माग बनवले, 1924 सालचा त्यांचा स्वयंचलित माग जगभर नावाजला गेला, आणि तोच विचार पुढे मोटारींच्या कारखान्यात गेला. तिथे दोष दिसला की कुठलाही कामगार दोरी ओढून सूचना देऊ शकतो आणि वेळ पडल्यास लाइन थांबते. आमच्या शॉपमध्ये ती दोरी ओढायची हिंमत कुणाला नव्हती, कारण आधी विचारणा व्हायची ती थांबवणाऱ्याची, दोषाची नाही.

तेव्हा पहिला निर्णय घेतला. बोअर गेज आणि मास्टर रिंग प्रत्येक सीएनसीजवळ उघड्यावर राहील. पीस गार होऊ द्यायचा, मग मोजायचा. 10 मायक्रॉनपर्यंतचा ऑफसेट ऑपरेटरने स्वतः बदलायचा आणि वहीत वेळ, आकडा आणि सही टाकायची. त्यापेक्षा जास्त लागला तर मशीन थांबवून लाल दिवा लावायचा. दिवा लावणाऱ्याला पहिला प्रश्न "काय दिसलं?" हाच विचारायचा, मग तो मालक असो की सुपरवायझर.

हे कागदावर लिहिणं सोपं होतं. घरात सांगणं अवघड होतं. सुनेने सासऱ्याच्या कपाटाची किल्ली मागायची, तीही त्यांनी चाळीस वर्षं चालवलेल्या पद्धतीबद्दल बोलून, हे आमच्याकडे कुणी केलेलं नव्हतं. ह्यांनीच बोलावं असं आधी ठरत होतं. मी म्हटलं, लॉटचा हिशेब मी केलाय, मीच बोलते. रविवारी सकाळी अण्णांसमोर कागद ठेवला. परत आलेल्या मालाचं भाडं, वाया गेलेलं मशिनिंग, नवीन कास्टिंगची किंमत, आणि शेजारी त्या महिन्यात फोनची वाट बघण्यात मशीन उभी राहिलेली वेळ.

अण्णा म्हणाले, "उद्या पोराने ऑफसेट उलटा टाकला तर भरून कोण देणार?"

मी म्हटलं, "अण्णा, उलटा टाकला तर पुढच्याच पीसला गेज दाखवेल, एखादा पीस जाईल. आत्ता अख्खा लॉट गेलाय."

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "गेज रोज कोण पुसून ठेवणार?" तेव्हा मी ओळखलं की आता बोलणं पुढे गेलं. गेज पुसायची, मास्टर रिंगवर लावून बघायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि नवीन मुलांना बोअर गेज कसं झुलवून सगळ्यात लहान माप वाचायचं हे त्यांच्याइतकं चांगलं आमच्याकडे कुणी शिकवत नाही. दरांची फाइल मात्र अजून त्यांच्या कपाटात आहे, आणि त्याला माझी हरकत नाही.

दुसरी गोष्ट फाउंड्रीची. बोअर मारल्यावर आत ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूची पोकळी, निघतं. कास्टिंग वाया जातं ते जातंच, त्यावर झालेली आमची मेहनतही जाते. आमच्याकडे त्यावर रोज शिव्याशाप चालायचे आणि महिनाअखेरीस नुसता आकडा पाठवला जायचा: एवढे पीस कास्टिंग रिजेक्ट. फाउंड्रीवाले म्हणायचे, तुमचंच मशिनिंग रिजेक्शन आमच्या गळ्यात घालताय. मग आम्ही सदोष पीस होल जिथे आहे तिथेच कापायला लागलो, कास्टिंगवरचा हीट नंबर (ते कोणत्या ओतणीतलं आहे तो नंबर) लिहायला लागलो आणि त्याच दिवशी फोटो पाठवायला लागलो. सोबत एकच प्रश्न: ही होलं एकाच बाजूला, एकाच हीटमध्ये का येतायत? चार-पाच हीटचे तुकडे टेबलावर मांडल्यावर त्यांचे पॅटर्नवाले, म्हणजे साच्याचे नमुने बनवणारे, स्वतः आले. कोअरमधला (साच्यात आतली पोकळी घडवणाऱ्या भागातला) वायू बाहेर जायला वाट अपुरी होती, ती त्यांनी वाढवली. रिजेक्शन खूप खाली आलं. त्याच बैठकीत त्यांनी आमच्याबद्दलचं सांगितलं: तुमचं शेड्यूल गुरुवारी येतं आणि शनिवारी माल मागता, घाईत ओतलेला माल असाच निघणार. आता शेड्यूल पंधरवड्याचं जातं. मशिनिंगनंतर निघालेल्या कास्टिंग दोषात आमच्या मजुरीचा किती भाग कुणी सोसायचा, हेही लेखी ठरलं.

सगळ्यात जास्त धीर लागला तो पैशांच्या वसुलीला. छोट्या उद्योगाच्या पोटात कायम एक भीती असते, की जोरात मागितलं तर काम जाईल. एका मोठ्या पार्टीचे पैसे तीन-तीन महिने यायचे नाहीत. कायदा आमच्या बाजूचा होता. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय 2023 च्या वित्त कायद्यातल्या बदलामुळे, 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला आयकरात त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. म्हणजे आमचे पैसे अडकवणं त्यांनाही महाग पडतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी "जमलं तर बघा" म्हणत होते.

मग एक दिवस फोनवर सरळ बोलले. आवाज चढवला नाही. "साहेब, बिल नंबर सांगते, लिहून घ्या. माल स्वीकारल्याची तारीख ही, 45 दिवस या तारखेला संपले. आमची छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी आहे, नंबर बिलावर आहे. मला पैशांची तारीख हवी आहे. तारीख नसेल तर पुढचा लॉट आम्ही लावू शकणार नाही, कारण फाउंड्रीला मला वेळेत द्यायचे असतात." पलीकडे थोडी शांतता, मग "मेल करा". मेल केला. त्या पार्टीचे पैसे त्या महिन्यात आले आणि आता मुदतीच्या आसपास येतात. दुसऱ्या एका पार्टीने मात्र हेच ऐकून काम काढून घेतलं. दोन महिने एक व्हीएमसी निम्मी रिकामी होती आणि मला झोप नव्हती. ती जागा नंतर पंपाच्या कामाने भरली. आजही तोच फोन करायची वेळ आली तर मी तेच बोलेन.

शॉपमध्ये ऑफिसच्या दाराजवळ एक फळा आहे. त्यावर तीन रकाने: काय अडलंय, कुणाला सांगितलं, त्याने कोणती तारीख दिली. मधला रकाना रिकामा असेल तर ती नोंद पुसली जाते. सुरुवातीला बऱ्याच नोंदी पुसल्या गेल्या. कूलंटचा वास, पंख्याची जागा, मोजायच्या टेबलावरचा अपुरा उजेड, अशा वर्षानुवर्षांच्या गोष्टी या फळ्यावरून सुटल्या. त्यांना लागणारे पैसे अगदी थोडे होते. फळ्यावर आमच्याविरुद्धही लिहिलं जातं, ते पुसायचा अधिकार मालकांना नाही.

सगळं जमलंय असं नाही. रात्रपाळीच्या भत्त्याची नोंद फळ्यावर आहे, लिहिणारा ऑपरेटर वयाने सगळ्यात लहान, आयटीआय करून गेल्या वर्षी आलेला. मागितलेली रक्कम आज आम्हाला परवडत नाही. का परवडत नाही, हे त्याला सांगायचं तर पीसचा दर, वीजबिल आणि बँकेचा हप्ता पोरांसमोर मांडावा लागेल, म्हणजे अण्णांच्या कपाटातली ती फाइल उघडावी लागेल. ह्यांचं आणि माझं त्यावर अजून एकमत नाही. तिसऱ्या रकान्यात मी शनिवारची तारीख टाकली आहे.