समईसाठी बंद केलेले पंखे

आषाढात बेळगावात गाण्याला जायचं म्हणजे निम्मं लक्ष छत्रीत असतं. नाट्यगृहात शिरल्यावर ती ठेवायची कुठं, हा आमचा पिढीजात प्रश्न. दाराशी ठेवली तर जाते, मांडीवर घेतली तर साडी भिजते. मग जो तो ती खुर्चीखाली आडवी सारतो आणि निवांत होतो. पण नाट्यगृहाची जमीन उतरती. मागच्या कुणाच्या तरी छत्रीतून निघालेली पाण्याची बारीक धार त्या संध्याकाळी माझ्या चपलेला वळसा घालून पुढं गेली, पुढच्या रांगेतल्या धारेला मिळाली, आणि निवेदिका ‘स्वरांच्या वर्षावात चिंब’ वगैरे म्हणत होती तोवर पहिल्या रांगेत प्रमुख पाहुण्यांच्या बुटांपाशी तिचं तळं झालं होतं.

कार्यक्रम नाट्यपदांचा होता, कोनवाळ गल्लीतल्या रिझला. पाटीवर आता लोकमान्य रंगमंदिर असं आहे, पण रिक्षावाल्याला आम्ही रिझच सांगतो. आत्यानं तिथं सिनेमे बघितलेत. कुठले, ते ती सांगत नाही. कुणाबरोबर, ते तर त्याहून नाही. गावातल्या जुन्या टॉकीजची नावं आता बहुतेक पत्ता सांगण्यापुरती उरलीत. रिझला मात्र पडदा परत मिळाला, आणि तोही उघडणारा.

आत्या सत्त्याहत्तर वर्षांची आहे. दोन वर्षांमागं ‘गाण्याला येतेस का’ म्हटलं की ‘पुढच्या वेळी बघू की’ म्हणायची. ते थांबलं ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळतानाचे व्हिडिओ फोनवर यायला लागले. केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते घर. आत्या लग्नाआधी इथून एसटीनं तिथं नाटकाला गेली होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाली, “लाकूडच की गं सगळं.” बाकी काही नाही. पण त्यानंतर जाहिरात दिसली की तीच विचारते, “तिकिटं काढून सोडलीस काय?”

तर त्या दिवशीही तिनंच विचारलं होतं. “पाऊस बघालीस काय?” मी म्हटलं. “मी येतो,” ती म्हणाली. बेळगावच्या बायका ‘येतो’च म्हणतात, पुण्याची सून असताना मी ‘येते’ शिकले, आत्याला कुणी शिकवायच्या फंदात पडलं नाही.

दीपप्रज्वलनाला समई लागेना. वात पेटायची, पाहुणे फोटोसाठी मान वळवायचे, वात विझायची. तिसऱ्यांदा विझल्यावर कुणीतरी विंगेकडं बघून हात हलवला आणि पंखे बंद झाले. समई लागली. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, आणि निवेदन. नाट्यपदांच्या कार्यक्रमातल्या निवेदनाबद्दल माझं मत बरं नाही. पद चार मिनिटांचं आणि त्याची ओळख सहा मिनिटांची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं, इथवर ठीक. पण त्यांचा जन्म ह्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, हे बेळगावात बसलेल्यांना आवाज कापरा करून सांगायचं म्हणजे माहेरवाशिणीला माहेरचा रस्ता दाखवणं. आत्यानं मला कोपरानं ढोसलं. तिकडं कुमार गंधर्वांचं नाव निघालं तेव्हाही ढोसलं. मिरजेकडं जाणाऱ्या रेल्वेवर सुळेभावी स्टेशन लागतं, कुमारजी तिथले. ते स्टेशन आलं की ती गाडीतही असंच ढोसते.

ह्या सगळ्यात पंखे परत लावायचं राहून गेलं. पावसाळी हवा, कुणाला उकडेना, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला कळलं ते तानपुऱ्यामुळं. गाणारी बसली, तानपुरे जुळले, आणि ध्वनीवाल्याच्या भोंग्यांतून यायच्या आधीच खर्जाची तार थेट मंचावरून माझ्यापर्यंत येऊन पोचली. एरवी पंख्यांची घरघर मध्ये असते. ती इतकी अंगवळणी पडलेली की ती गेल्यावरच ऐकू येते. आता पायपेटीच्या भात्याचा सुस्कारा येत होता, तबलजीनं गठ्ठ्यावर हातोडी ठोकली तेव्हाची टिचकी येत होती, आणि छपरावरचा पाऊस, सगळ्यांच्या मागं, कुणाला त्रास न देता.

आणि माणसं ऐकू यायला लागली. खरं सांगायचं तर मी गाण्याला जाते ती ह्यासाठी. गाणं फोनवर आहे, हवं तेव्हा आहे. पण माझ्या डावीकडं एक धारवाडकडचे गृहस्थ होते, शेजाऱ्याशी कन्नडात बोलणारे. ‘सौभद्रा’तलं पद सुरू झालं, गाणारीनं समेवर यायच्या आधी जरा आडवाट घेतली, आणि सम यायच्या क्षणभर आधी ह्यांच्या तोंडून बारीक ‘हं’ निघालं. समेला नव्हे, आधी. ती कुठून येणार हे त्यांना कळलं होतं, आणि तिनं चुकवू नये म्हणून त्यांचा श्वास अडकला होता. आली. “भाळ छलो,” ते स्वतःशीच म्हणाले.

उजवीकडं आत्या गुणगुणत होती. अर्ध्या मात्रेनं मागं, शब्द थोडे वेगळे. इतर ठिकाणी मी अशा लोकांकडं वळून बघते. पण किर्लोस्करांच्या कितीतरी चाली मुळात कर्नाटकातल्या गाण्यांवरून बेतलेल्या आहेत म्हणतात. तेव्हा ती मागं पडली होती की गाणारी पुढं गेली होती, हे मी कोण ठरवणार?

‘वन्समोर’ एकदाच मिळाला, आणि तो मागून एका पोरसवद्या आवाजानं दिला. जुन्या लोकांच्या सांगण्यात नाटकं पहाटेपर्यंत चालत, वन्समोरवर वन्समोर पडत. आता साडेनऊला घड्याळं बघायला सुरुवात होते, कारण पावसात रिक्षा मिळत नाही आणि मिळाली तर मागेल ते द्यावं लागतं. गाणारीनं मान तुकवून ते पद पुन्हा घेतलं, पण ह्या वेळी ती आडवाट टाळली. गृहस्थांनी माझ्याकडं बघितलं. आमची ओळख नव्हती, तरी दोघांनाही तेच चुटपुटलं.

भैरवीच्या आधी कुणाला तरी पंख्यांची आठवण झाली. घरघर सुरू झाली, समई विझली.

बाहेर पडताना दाराशी नेहमीचा छत्र्यांचा गोंधळ. रिक्षात बसल्यावर आत्यानं हातातली छत्री उलटीसुलटी केली. मुठीला लाल दोऱ्यानं चिंधी बांधलेली, चिंधीवर शाईनं कन्नडात कुणाचं तरी नाव. तिनं चष्मा लावून ते वाचलं.

“परत जाऊया का?” मी विचारलं.

“कशाला? पुढच्या गाण्याला येतील की ते.” मग छत्री थोडी उघडून तिनं आत बघितलं. “पण एक काडी मोडलीय बघ ह्याची. आमची नवी होती की गं.”