‘मिस्सा’ म्हणजे नेमकं काय?

‘उद्या सातची मिस्सा की नऊची?’ चर्चमधल्या रविवारच्या उपासनेबद्दलचा हा प्रश्न आम्हा वसईकर कॅथलिकांच्या घरात दर शनिवारी रात्री निघतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं मात्र थेट विचारतात, ‘टीचर, मिस्सा म्हणजे काय?’ ‘पवित्र बलिदान’ एवढ्यावर त्यांचं भागत नाही, आणि ते बरोबरच आहे.

शब्द आमच्याकडे आला पोर्तुगीजांबरोबर. १५३४ ते १७३९ वसई त्यांच्याकडे होती. मूळ लॅटिन. उपासना संपली की धर्मगुरू म्हणत, ‘ईते, मिस्सा एस्त’. म्हणजे जा, तुम्हाला निरोप दिला आहे. लोक उत्तर देत, ‘देओ ग्रात्सियास’, देवाला धन्यवाद. माझ्या आजीला हे सगळं तोंडपाठ होतं. अर्थ कुणी सांगितला नव्हता, तरी ते म्हणताना तिचे हात आपोआप जोडले जायचे. मराठीतून मिस्सा सुरू झाली ती १९६२-६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या सभेनंतर.

गंमत म्हणजे हा शब्द फक्त चर्चचा नव्हताच. इसवी सन ५००च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या व्हिएन गावचे बिशप अविटस लिहितात की चर्चमध्ये, राजवाड्यात आणि न्यायालयातही लोकांना जायला मोकळं करताना ‘मिस्सा एस्त’ म्हणतात. त्या काळी चर्चमध्ये असा निरोप दोनदा मिळे. बाप्तिस्मा न झालेले उमेदवार प्रवचनानंतर बाहेर पडत, बाकीचे अगदी शेवटी. हळूहळू निरोपाचा शब्द अख्ख्या उपासनेचं नाव होऊन बसला.

मला हे फार मोलाचं वाटतं. ‘प्रभुभोजन’, ग्रीक ‘युखारिस्त’ म्हणजे आभार, केरळातलं ‘कुर्बाना’ म्हणजे अर्पण. ही नावं आत काय घडतं ते सांगतात. आमचं नाव दाराबाहेर पाठवतं. ‘मिशन’ हा शब्दही त्याच धातूचा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७मध्ये हेच नातं उलगडून दाखवलं आणि २००८मध्ये निरोपाची नवी वाक्यंही मंजूर केली. त्यातलं एक: जा, प्रभूच्या शुभवर्तमानाची घोषणा करा.

म्हणून ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, घेतल्याबरोबर मागच्या दाराने निघणारी माणसं पाहिली की जीव तुटतो. शेवटचा आशीर्वाद चालू असताना अंगणात बाइकी सुरू झालेल्या असतात. ज्या क्षणावरून मिस्साला नाव पडलं, नेमका तोच हुकतो.

आता वर्गात मी ‘देवाला धन्यवाद’ हा शेवटचा प्रतिसाद सर्वात आधी शिकवते, आणि घरी जाऊन कुणासाठी काय करणार, हे प्रत्येकाला विचारते.